घरातली चप्पल

बैठकीत कपबशीवर चमचा एसटीच्या घंटीसारखा एकदाच वाजला की आम्ही बोलणं थांबवायचो. "थांबवा गाडी. पाशिंजर मागं राह्यलंय," चमचा वाजवणारे कंडक्टरकाका म्हणायचे. म्हणजे कुणाची तरी अडचण बोलण्यातून सुटलीय.

काका एसटीतून निवृत्त झालेले, निलंग्याकडचे. शुगरने तळपायांची जाणीव गेलेली. खिळा रुतला तरी कळत नसे. लातूरच्या आमच्या दवाखान्यात मधुमेहींच्या पायांवर संशोधन चाललं होतं आणि सल्ला द्यायला रुग्णांनाच बोलवायचं ठरलं. मी तिथे समुपदेशक. काकांना बोलावलं आणि ते बैठकीचे मालकच झाले. पाहुणे म्हणून येऊन यजमान होऊन बसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

डॉक्टर म्हणाले, घरातही चप्पल घाला. टिंग!

"सायेब, सैपाकघरात चप्पल घातली तर बायको मलाच उंबऱ्याभाईर काढंल."

"मग काय करायचं?"

"तिलाच आणतो की. इचारा तिला."

पुढच्या खेपेला काकू आल्या. त्यांनीच तोड काढली. कोरी चप्पल आणायची, हळदकुंकू लावून घरात घ्यायची आणि ती घालून कधी अंगणात उतरायचं नाही. आमच्या पत्रकांना जे जमलं नाही ते चिमूटभर हळदीने केलं. घरोघरी चपला फिरू लागल्या. काका ऐटीत सांगायचे, "आमचं पाय आता देवाच्या पंगतीला बसलेत."

वैशाखात त्यांचे थोरले भाऊ गेले. भावाला मूलबाळ नव्हतं. विस्तवाचं मडकं काकांनी धरलं आणि रिवाजाप्रमाणे भर दुपारी डांबरी रस्त्याने अनवाणी स्मशानापर्यंत चालले. पाय भाजले, पण त्यांना कळलंच नाही. फोड दिसल्यावरही, सुतकात कुठं जायचं, म्हणून घरीच थांबले. आले तेव्हा एक पाय काळा पडला होता. तो काढला, तरी काका वाचले नाहीत.

घर, शेत, देऊळ, सगळ्यांवर आम्ही बोललो होतो. मयतीचं मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही. अशुभ कशाला बोला, असंच सगळ्यांना वाटलं असणार. ती हळहळ अजून जात नाही.

परवाच्या बैठकीला काकू काकांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डॉक्टर बोलत असताना काकूंनी चमचा उचलला आणि कपावर हळूच एकदा वाजवला.

"मयतीला पायात चप्पल घालायची, हे आदी ठरवा," त्या म्हणाल्या. "लोकं नावं ठेवतेल. त्यांना माझ्याकडं धाडा. माझं कपाळ बघतेल."