नवरदेव की पोस्टमन?

विद्यानगरातले आमचे शेजारी अप्पा भर उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट काढत नसत. कुठल्याही लग्नात नवरदेव साध्या शर्टात दिसला की मला मोठ्यानं विचारत, “काय हो अण्णा, हा नवरदेव की पोस्टमन?”

त्यांचाच मुलगा बुशशर्ट घालून बोहल्यावर आला. म्हणाला, “उकडतंय की हो, अप्पा.”

मांडवातून कुणीतरी ओरडलं, “पोस्टमन आला की!” आम्ही सगळे हसलो.

अप्पांनी अंगातला कोट उतरवून मुलापुढे धरला. आतल्या शर्टाच्या पाठीवर ठिगळंच ठिगळं होती. मी मुठीतल्या अक्षतांकडे बघत राहिलो. अप्पा भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मुलानं मुकाट्यानं कोट चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.