दुसऱ्या सीडीचा शेवट

'घरी बघता येतील असे, फारसे कुणाला माहीत नसलेले भयपट सुचवा' असा धागा इथे मागच्या आठवड्यात कुणीतरी काढला होता. मी हौसेने उत्तर लिहायला बसलो. दोन सिनेमे लिहिले आणि तिसऱ्याला हात थांबला... तो थांबला तो थांबलाच. म्हणून हे वेगळं लिहितोय.

आधीच सांगतो — भूतबित, आत्माबित्मा यावर माझा काडीचा विश्वास नाही. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला पेढ्याची वासना राहत नाही म्हणतात, तसं माझं झालंय. इतके भयपट पाहिलेत की दार करकरलं तर भूत आठवत नाही, दारामागे उभा राहून ते हलवणारा माणूस आठवतो. तुम्ही हसणार असाल तर हसा. मीही हसलो असतो.

घरी बघायच्या भयपटांबद्दल माझी मतं ठाम आहेत. मोठा पडदा लागतो तो सिनेमा भित्रा. खोलीत अंधार करा, आवाज वाढवा असं ज्याला सांगावं लागतं तोही कच्चाच. भर दुपारी, खिडकी उघडी असताना, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत असताना, एकवीस इंची टीव्हीवर जो तुम्हाला जागेवरून उठू देत नाही तो खरा. मोठ्या नावाच्या सिनेमांना हे जमत नाही. ज्यांचं कव्हर फाटलेलं असतं, नाव वाचता येत नाही, सीडी लायब्ररीवाला मागच्या खोक्यात टाकून देतो, त्यातल्या एखाद्याला जमतं.

ही मतं माझी म्हणून मी मिरवतो, पण ती माझी नाहीत. ती आबांची. आणि आबा आंधळे होते.

२००४ ते २००६ मी भरे गावात राहायला होतो, पिरंगुटजवळ. मूळचा परभणीचा. पिरंगुटच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. दत्ताभाऊंनी रस्त्याकडची जमीन विकून घरामागे स्लॅबच्या चार खोल्या काढल्या होत्या, त्यातली कडेची माझी. आबा हे दत्ताभाऊंचे चुलते. लग्न केलेलं नाही. पंचेचाळिशीत काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून पुतण्याकडे. मी आलो तेव्हा साठीचे असतील.

आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. एका गुरुवारी दुपारी मी एक कोरियन सिनेमा लावून बसलो होतो. आबा भिंत चाचपत आले आणि उंबऱ्यापाशी उभे राहून म्हणाले, "कोन रडतंय रं?" मी म्हटलं सिनेमा आहे, भुताचा. तर घोंगडी आणून दाराशेजारी खाली भिंतीला टेकून बसले. मग काय, खालची इंग्रजी अक्षरं वाचायची, त्याचं मराठी करायचं आणि चित्रात काय दिसतंय तेही सांगायचं. पहिल्या दिवशी वैतागलो. महिनाभरात असं झालं की आबांशिवाय सिनेमा बघणं मला मिळमिळीत वाटायला लागलं.

एक अट होती. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही रीत आमच्याकडेही आहे, पण आबांकडे तो कायदा होता. मी एक वाक्य सांगितलं की ते "हं" म्हणणार. "हं" आला नाही तर मी सीडी थांबवायची, कारण त्यांना काहीतरी पटलेलं नसायचं. शेवटाला एक शेवटचा "हं" द्यायचा, मगच गोष्ट मिटते. "न्हाईतर ती उघडी ऱ्हाती," असं ते सांगायचे. "आन उघडी ऱ्हायली का ऐकनारा तितंच बसून ऱ्हातो."

त्यांचे सगळे हुंकार मला ओळखू यायला लागले. 'पुढे सांग'चा आखूड. 'मला कळलं होतं'चा नाकातला. खरंच भ्यायले की निघायचा तो पोटातला, फार क्वचित.

आबांचं ऐकणं जबरदस्त होतं. ढॅण्ण करून वाजलं की म्हणायचे, "वाजवत आनलंय त्ये भूत न्हाई, वरात हाय." दोन सिनेमांवर मात्र ते फिदा होते. आम्ही त्यांना आमचीच नावं दिली होती. एक 'कपाटवाला' — जुनं कपाट विकत घेणारं कुटुंब, आणि त्या कपाटाचं दार पूर्ण सिनेमाभर एकदाही उघडत नाही. दुसरा 'मिठागरवाला', त्यात तर संगीतच नाही, नुसतं चालणं. त्या धाग्यावर मी लिहिले ते हेच दोन. मिळाले तर बघा.

तिसरा सिनेमा म्हणजे 'किल्लीवाला'.

व्हीसीडी दोन भागांत यायची हे जुन्या लोकांना आठवत असेल. 'किल्लीवाला'ची पहिली सीडी आम्ही एका गुरुवारी दुपारी लावली. दोन बहिणी एका रानातल्या घरात राहतात. धाकटी तळघरात उतरते आणि वरचं लोखंडी दार लागतं, किल्ली कुलपात तुटते. थोरली दाराला तोंड लावून सांगते, गावातून किल्लीवाल्याला घेऊन येते, घाबरू नकोस. आणि जाते. मग धाकटी अंधारात, आणि डोक्यावर पावलांचे आवाज. इथे पहिली सीडी संपली. आबा पोटातून "हं" म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला मला कोथरूडला मुलगी बघायला जायचं होतं. परभणीहून आई-वडील आले होते, ते थेट तिकडे पोचणार होते. दुसरी सीडी लावली तेव्हा तीन वाजून गेलेले. अर्धीअधिक नीट चालली आणि शेवटाला चित्राचे नुसते चौकोन झाले. अक्षरं वाचता येईनात. आवाज मात्र चालू होता — ठक, ठक, ठक.

सीडी काढायची, पुसायची, पुन्हा लावायची... माझं लक्ष घड्याळाकडे. मी सरळ शेवट रचला. सांगितलं, बहीण माणसं घेऊन आली, कुऱ्हाडीनं दार तोडतायत. तुटलं. धाकटी बाहेर आली. संपलं.

"हं" आला नाही.

आबांनी कान टीव्हीकडे वळवला. मग म्हणाले, "कुऱ्हाड अशी वाजत न्हाई. ही सुरी हाय. कुनीतरी भाजी चिरतंय."

मी हसण्यावारी नेलं. शर्ट घालत म्हटलं, आबा, पुढच्या गुरुवारी दुसरी कॉपी आणतो, मग बघू. लायब्ररीवाल्याकडे दुसरी कॉपी नव्हती. मी दोनदा विचारलं असेल, तीनदा नाही.

ती मुलगी आज माझी बायको आहे. लग्न ठरलं, हिंजवडीत नोकरी मिळाली, बावधनला फ्लॅट भाड्यानं घेतला. सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि माझ्या आयुष्यातला गुरुवार गेला. निघताना आबांनी काही तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले की तेवढी गोष्ट उघडी हाय, ध्येनात ठेव.

त्यांनी तीन वेळा फोन केला. दत्ताभाऊंच्या मोबाइलवरून, नंबर त्यांच्याकडून लावून घेऊन. पहिल्यांदा, महिन्या-दोन महिन्यांनी, "परभनीकर, ती भाजी कोन चिरत व्हतं, काय कळलं का?" मी म्हटलं शोधतोय. शोधत नव्हतो. दुसऱ्यांदा दिवाळीनंतर. तेव्हा ते मला म्हणाले, सीडी नसली तरी नुसता ये, कपाटवाला पुन्यांदा सांग. तिसऱ्यांदा २००७च्या उन्हाळ्यात. मी ऑफिसात होतो, मीटिंगला उशीर होत होता. मी म्हटलं, "आबा, येत्या गुरुवारी रजा टाकतो. नक्की येतो."

पलीकडून "हं" आला. बस, तेवढाच, आणि माझ्या ओळखीचा नसलेला. फोन बंद.

मी गेलो नाही. कारण सांगायला काहीच नाही, तीच खरी लाज आहे. बावधनहून भरे, ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास. पाऊस नव्हता, गाडी बिघडली नव्हती, घरी कुणी आजारी नव्हतं. मी विसरलो. शुक्रवारी आठवलं, आणि आता फोन करायला तोंड नाही म्हणून केला नाही.

दीड महिन्यानं दत्ताभाऊंचा फोन आला, की आबा गेले. दहाव्याला नदीवर गेलो. तिथे वहिनींनी, दत्ताभाऊंच्या बायकोनं, सांगितलं. माझ्या खोलीत बिहारकडचा एक भाडेकरू आला होता, तरी आबा दर गुरुवारी दुपारी घोंगडी घेऊन त्या दाराबाहेर बसायचे. तो बिचारा चहा द्यायचा. दोघांना एकमेकांचं बोलणं कळायचं नाही. गेले तेही तिथेच. चहा गार झाला तरी उचलला नाही, तेव्हा कळलं.

पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसून होते. दत्ताभाऊ पुढे होऊन म्हणाले, तुमच्या वाट्याची जमीन विकणार नाही. वहिनी म्हणाल्या, तुमची घोंगडी कुणाला देणार नाही. भावकीतल्या एकेकानं काय काय कबूल केलं. काय राहिलंय ते मला एकट्याला माहीत होतं. पण पन्नास माणसांसमोर, हात जोडून, 'आबा, मी दुसरी सीडी आणून शेवट सांगेन' असं म्हणायची मला लाज वाटली. शिकलेला माणूस ना मी. तासाभरानं दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे उठले.

आता यापुढचं. विश्वास ठेवा, नका ठेवू.

२००९च्या हिवाळ्यात बावधनमधली एक सीडी लायब्ररी बंद होत होती. हवं ते उचलून न्या म्हणून फूटपाथवर खोकी मांडलेली. त्यात फाटक्या कव्हरचा 'किल्लीवाला' मिळाला, दोन्ही सीड्या, कोऱ्यासारख्या. शनिवार होता. बायको माहेरी गेलेली. दुपारी तीनच्या सुमारास मी तो लावला. खिडकी उघडी, खाली सोसायटीतली मुलं क्रिकेट खेळतायत.

पहिलं वाक्य आलं आणि मी सवयीनं मोठ्यानं मराठीत सांगितलं. स्वतःचंच हसू आलं.

"हं."

डाव्या बाजूनं. खालून, जमिनीलगत, जिथे भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथून. आखूड. पुढे सांग.

मी सीडी मागे घेतली, आवाज बंद करून तिथलं चित्र पाहिलं, आवाज मोठा करून पुन्हा ऐकलं. सीडीत तो आवाज नव्हता. वरचा फ्लॅट रिकामा, शेजारच्यांच्या दाराला कुलूप. परत बसलो, पुढचं वाक्य सांगितलं. "हं." मी घाबरलो का? नाही. मला रडू आलं. संपूर्ण सिनेमा मी सांगितला, वाक्यामागून वाक्य, आणि एकदाही हुंकार चुकला नाही. धाकटी तळघरात उतरली तेव्हा तो पोटातला आला.

शेवट आला. ठक, ठक, ठक. या वेळी चित्र स्वच्छ होतं. शहरातलं एक उजेडाचं स्वयंपाकघर. थोरली बहीण, केस पिकलेले, ओट्याशी भाजी चिरतेय. मध्येच तिचा हात थांबतो. काहीतरी राहून गेलंय असं तिच्या तोंडावर येतं. काय ते आठवत नाही. पुन्हा चिरायला लागते. संपलं. तळघरावर चालणारं कुणीही नव्हतं, ती पावलं धाकटीच्या मनातली. ती दुष्ट नव्हती, ती फक्त विसरली होती.

मला ते सांगवेना. मी म्हटलं, "आबा, बहिणीला आठवलं. ती किल्ली घेऊन निघाली."

शांत. खाली मुलांचा आरडाओरडा, बस. मी वाट पाहिली. त्या शांततेत मला एवढं कळलं की हे असंच सोडलं तर ते रोज येतील, दाराशी बसतील. मला ते हवंही होतं, खोटं कशाला बोलू.

मग मी सीडी मागे घेतली आणि जे होतं ते सांगितलं. सुरीच होती, आबा. तुमचं बरोबर होतं. ती भाजी चिरत होती. ती विसरली. कुणी आलं नाही.

बराच वेळ गेला. मग "हं" आला. एकच.

त्यानंतर मी तोच सिनेमा चार वेळा मोठ्यानं वाचला. कपाटवाला वाचला, मिठागरवाला वाचला. मुद्दाम गुरुवारी रजा टाकून वाचला. भरेला जाऊन त्या दाराबाहेर बसून आलो, तिथला भाडेकरू आता तिसराच आहे. काही नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, अपराधी वाटतंय ना, कान वाजले असतील. असतील. माझ्याकडे दुसरं काही स्पष्टीकरण नाही, हेही नीटसं बसत नाही. कानच वाजायचे तर मला हवा तसा हुंकार वाजला असता. माफ केल्याचा. निदान ओळखीच्या तीन हुंकारांतला एखादा.

तो त्यातला नव्हता. तो मी त्याआधी फक्त एकदाच ऐकला होता... फोनवर, 'येत्या गुरुवारी नक्की येतो' म्हणालो होतो तेव्हा.