झील खाली धरायची असते

आमच्या घरात पहिली पदवी मी घेतली. हे मी चारचौघांत सांगते, आणि सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. हा चढणारा आवाज दादांचा. दादा म्हणजे आमचे वडील. नाशिकपासून चांदवडपर्यंत असं एक गाव नसेल जिथं जयंतीला दादांची गायन पार्टी गेली नाही. मोठ्या गवयांचं घराणं असतं म्हणतात. आमचं घराणं नव्हतं, पार्टी होती. एक पेटी, एक ढोलकी, एक तुणतुणं, आणि दादांच्या मागं उभा राहून झील धरणारा माझा धाकटा भाऊ.

झील म्हणजे ओळीची शेपटी. पुढचा गाणारा ओळ म्हणतो आणि शेवटाला श्वास घ्यायला थांबतो, तेव्हा मागच्यानं तो शेवट उचलायचा. आमच्या घरात या शब्दाला दुसराही अर्थ होता. मी दादांची बाजू घेतली की आई म्हणायची, "धर, बापाची झील धर. शिकल्याली ना तू!"

आवाज माझा होता, भावाचा नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. लहानपणी चुलीपुढं बसून दादा गाणं जुळवायचे तेव्हा झील मीच धरायची. पण दादांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं होतं पोरींना शाळेत घालण्याचं: 'सोडा शेण नि गवऱ्या तिला, पाटी द्या हाताला.' मी सातवीत असताना एका गावात कोणीतरी स्टेजखालून ओरडलं, "शाहीर, आमच्या पोरींच्या हाती पाटी, नि तुमची पोरगी रातच्याला स्टेजवर का?" मी तेव्हा नुसती दादांच्या शेजारी बसले होते, गातही नव्हते. पण त्या दिवसापासून माझं स्टेज बंद. पुढच्या महिन्यात माझी होणार होती त्या जागी भाऊ उभा राहिला. त्याचा आवाज फाटका होता, सुराला तो कडेनं लागायचा. दादा त्याला एकच गोष्ट सांगायचे, "खाली धर. झील खाली धरायची असते. वर गेलास तर माझी ओळ झाकती." तो मन लावून खाली धरायचा.

मी कॉलेजात गेले ती अशी. माझ्या वाटणीचं जागरण तो करत होता आणि सकाळी डोळे चोळत आयटीआयला जात होता, म्हणून. फिटरचा ट्रेड त्यानं स्वतः निवडला होता. घरी पत्र्याचा तुकडा जरी सापडला तरी कानस मारत बसायचा. मग काटकोन बघायचा गुण्या लावून तो तुकडा खिडकीकडं धरायचा आणि मला दाखवायचा, "बघ ताई, मधून उजेड दिसतोय का? नाही ना? मग काम झालं."

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून अप्रेंटिसच्या परीक्षेला बोलावणं आलं. सकाळी हजर राहायचं, दिलेला लोखंडी तुकडा मापात करून दाखवायचा. आणि आदल्या संध्याकाळी दादांचा कार्यक्रम चांदवडच्या बाजूला एका गावी ठरलेला. जयंतीचे कार्यक्रम तेव्हा महिनाभर चालायचे. रात्र जागून कानस धरली तर हात थरथरणार, हे कळायला फिटर असावं लागत नाही.

दादा म्हणाले, "तुणतुणेवाल्याला सांगतो, तो धरंल झील."

आई म्हणाली, "त्याला सोताचं नाव इचारलं तरी तो अडखळतो."

भाऊ म्हणाला, "जातो मी. दोन्ही करतो."

"दोन्ही करू नकोस," मी म्हणाले. "तू झोप. झील मी धरते."

दादांनी आईकडं पाहिलं. मग आईच बोलली, "जाऊ द्या तिला. आता ती कालेजवाली हाय. आता कोण काय म्हनतंय बघू."

भाऊ इतका खूश झाला की स्वतःची चप्पल त्यानं मला दिली. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. "एकच दिवस हां ताई," तो हसून म्हणाला. "माझी जागा घेऊ नकोस. ओझरला लागलो तरी रविवारचे कार्यक्रम माझेच."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं, म्हणून आज लिहिते आहे. लोकांना वाटतं त्याला गाणं सुटायलाच हवं होतं. तसं नव्हतं. त्याला ओझर हवं होतं आणि रविवारही हवा होता.

कार्यक्रम दिवे लागताना सुरू झाला. शाळेसमोरचं पटांगण, दोन बैलगाड्या जोडून केलेलं स्टेज, निळ्या पताका. मी दादांच्या मागं पदर खोचून उभी राहिले. पहिली दोन गाणी खालीच धरली. तिसरं पाटीचं होतं. दादांनी ओळ टाकली, श्वासाला थांबले, आणि 'पाटी द्या हाताला' मी उचललं ते वर. मुद्दाम नाही. इतकी वर्षं आत बसलेलं ते वाटेल तिथून बाहेर पडलं. दादांनी वळून पाहिलं. ते मला खाली ये म्हणतील असं वाटलं. पण लोक उठून उभे राहिले होते, आणि दादा शेवटी गाणारा माणूस. त्यांनी तीच ओळ पुन्हा टाकली आणि माझ्यासाठी मुद्दाम जास्त वेळ थांबले. मी पुन्हा वर गेले. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ ओझरहून आला तो पेढे घेऊनच. निकाल अजून लागायचा होता, पण साहेबानं त्याचा तुकडा बाकीच्या पोरांना दाखवला होता म्हणे. पुढं त्याचं नावही लागलं.

त्या रविवारी त्या गावचे गुरुजी आमच्या घरी आले. त्यांच्याकडं नवा टेपरेकॉर्डर होता. गावात तसा एकच. त्यांनी कार्यक्रम टेप केला होता आणि मोठ्या प्रेमानं ऐकवायला आणला होता. आईनं चहा टाकला. शेजारपाजारचे दारात जमले. भाऊ मशीनपाशीच बसला. त्याला गाण्याआधी मशीनच बघायचं होतं.

पाटीचं गाणं आलं. माझी झील आली. आणि गुरुजींच्या यंत्राजवळ बसलेल्या कोणा माणसाचा आवाज, दादांच्या गाण्यापेक्षा स्पष्ट, खोलीभर झाला:

"आरं, ही खरी झील! तो फुटका भोंगा येत व्हता तो कुठंय?"

दुसरा कोणी हसून म्हणाला, "लय दिवस सोसला बाबा त्याला, शाहिराचं पोरगं म्हणून."

दारातले लोक हसले. त्यांना आधी कळलंच नाही कोणाबद्दल आहे. मग कळलं.

"बंद करा ते, गुरुजी," दादा म्हणाले.

"असू द्या दादा," भाऊ म्हणाला. तो हसत होता. "मागं घ्या गुरुजी. परत लावा. ताईचं ऐकू द्या नीट." आणि गुरुजींना बटण सापडेना, तर त्यानंच दाबलं. तेच पुन्हा वाजलं, त्या माणसांसकट.

गुरुजी गेल्यावर दादा त्याला म्हणाले, "गावचं येडं काहीबी बोलतं. पुढच्या रविवारी सय्यद पिंपरीला जायचंय."

"ताई हाय ना."

"तिची परीक्षा हाय. मग ती नोकरीला लागंल. तिला कुठला येळ?"

"मग ढोलकीवाल्याला सांगा," तो म्हणाला आणि उरलेल्या पेढ्यांचा पुडा आईच्या हातात दिला.

तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. मीही नाही. मी पास झाले, कलेक्टर कचेरीत लिपिक झाले, माझ्या नावाची पाटी टेबलावर नसली तरी हजेरीपटावर नाव बी.ए.सह होतं. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. दादा मात्र शेवटपर्यंत ओळीच्या शेवटाला तसेच थांबत राहिले, आणि ढोलकी तेवढी जागा कशीबशी भरून काढायची.

भावाशी माझं बिनसलं नाही. भांडण झालं असतं तर मी माफी तरी मागितली असती. तो मला दिवाळीला ओवाळणी घालतो, माझ्या मुलीला त्यानंच सायकल शिकवली. वसाहतीत बायका म्हणतात, ताईनं भावाला गाण्यातून सोडवलं, म्हणून तो आज कारखान्यात मानानं आहे. मी विषय बदलते.

दादा गेल्यानंतरच्या वर्षी मी एका दुपारी त्याच्या क्वार्टरवर गेले. दार लोटलेलं होतं. तो मागच्या ओट्यावर वहिनीच्या स्टोव्हचं काहीतरी घासत बसला होता, आणि कानशीच्या तालावर गुणगुणत होता. पाटीचंच गाणं. दादांची ओळ तो म्हणत नव्हता. तेवढा वेळ नुसती कानस चालायची, आणि मग तो झील धरायचा. खाली. जिथं असायला हवी बरोबर तिथं. आवाज फाटकाच होता, पण त्या जागी तो फाटका वाटत नव्हता. दादांची ओळ अख्खी ऐकू येत होती.

माझ्या पायाचा आवाज झाला. तो थांबला.

"ये ताई. चहा टाकायला सांगू?"

"गात होतास."

"छ्या. स्टोव्ह बघत होतो," तो म्हणाला, आणि पुढं तासभर आम्ही कांद्याच्या भावावर बोललो.

तेव्हापासून मी त्याच्या घरी जाते तेव्हा चप्पल फाटकाबाहेरच काढून हातात घेते. दाराशी जरा उभी राहते. बहुतेक वेळा काही ऐकू येत नाही. कधी येतं. कानस चालते, दादांच्या ओळीएवढा वेळ जातो, आणि तो खालून शेवट उचलतो. तीच झील, वरची, माझ्या ओठांवर येते. मी तोंड मिटून घेते. त्याचं गाणं संपू देते, मग चप्पल जमिनीवर टाकते, जोरात, आणि कडी वाजवते.