वाढलेली जागा

आमच्या दैनिकाच्या न्यूज सर्व्हरवर सगळी जागा एकत्र नाही. मजकूर एका डिस्कवर असतो, छायाचित्रं दुसरीवर, जुने अंक तिसरीवर. छायाचित्रांची डिस्क भरली, तर शेजारच्या डिस्कवरची रिकामी जागा तिला आपोआप मिळत नाही. कुणाला तरी आधी पाहून जुनं हलवावं लागतं, नाहीतर नवं दुसरीकडे वळवावं लागतं. बदली होऊन कोलकात्याला आल्यापासून दुपारच्या पाळीत हे काम माझ्याकडे आहे.

त्या दिवशी खिदिरपूरला गोदीजवळच्या एका गोदामाला आग लागली. आमची एक छायाचित्रकार वेळेत पोचली. ती बरीच वर्षं क्रीडा पानासाठी काम करत होती. पहिल्या पानावर तिचं छायाचित्र कधी आलं नव्हतं. संपादकांनी पानाचा वरचा भाग तिच्यासाठी राखला आणि फोन करून तिला तसं सांगितलंही.

डिस्कवर किती जागा आहे, हे मी स्क्रीनवर पाहायला हवं होतं. ते न करता मी पाळी संपवून निघालेल्या वरिष्ठ सहकारी बाईंना विचारलं. त्यांना सगळे दीदी म्हणतात.

"छोबीर जायगा बाडोंतो, दादा," पिशवी खांद्याला लावत त्या म्हणाल्या आणि हसल्या.

छोबी म्हणजे छायाचित्र, बाडा म्हणजे वाढणं, एवढं बंगाली मला येत होतं, आणि येतं याचा अभिमानही होता. जागा वाढती आहे, असा अर्थ मी लावला. मीही हसलो आणि काही हलवलं नाही.

डिस्क भरलेली होती. छायाचित्रकाराने गोदीवरून पाठवलेल्या फायलींची नावं यादीत उमटली. आत काहीच उतरलं नाही. सर्व्हरवर नावं दिसली की कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढचं काम करायचं, ही आमच्याकडची पद्धत. तिने कार्ड पुसलं आणि पुन्हा गोदामाकडे गेली. तोवर आग विझली होती. पहिल्या पानावर वृत्तसंस्थेचं छायाचित्र गेलं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो. दीदींनी उलगडा केला. घरातले तांदूळ संपले, तर बंगाली बाई 'संपले' म्हणत नाही. अशुभ नको म्हणून 'बाडोंतो', वाढते आहेत, असं म्हणते. त्यांनी तेच थट्टेने डिस्कला लावलं होतं. परक्या भाषेच्या माणसाशी असं बोलायला नको होतं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

छायाचित्रकाराने मला हिंदीत विचारलं, "तुमच्या मराठीत असं काही नाही का?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही संपलं की संपलं म्हणतो."

मराठीत ते आहे. क्रियापदसुद्धा तेच आहे. आपण नारळ वाढवतो, रात्री दुकान वाढवतो. माझी मुलगी इथेच वाढते आहे, तिचं मराठी कच्चं आहे. थोड्याच दिवसांपूर्वी बालीगंजच्या घरात ती आईला म्हणाली, "तुझी बांगडी फुटली." मी लगेच तिला सुधारलं होतं: फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं.

छायाचित्रकाराला हे कळायला मार्ग नव्हता. "मग तुम्हाला कसं समजणार?" ती म्हणाली आणि आपल्या बशीतला शिंगाडा, म्हणजे इथला समोसा, अर्धा मोडून तिने माझ्यापुढे ठेवला. मी तो खाल्ला. दीदींनी संपादकांकडे जाऊन चूक स्वतःच्या नावावर घेतली. तेव्हाही मी काही बोललो नाही.

पहिलं पान तिला अजून मिळालेलं नाही. ती पुन्हा क्रीडांगणावर असते. डिस्क भरत आली की जाता जाता मला हिंदीत सांगते, सावकाश, शब्द सुटे करून: "दादा, जगह खतम." नवीन कुणी रुजू झालं की त्यालाही बजावते, दादांना सरळ सांगायचं, त्यांच्या भाषेत असं आडून बोलत नाहीत. मी तिथेच बसलेला असतो. नवा माणूस माझ्याकडे पाहतो आणि मी मान डोलावतो.