मुक्या पेशंटांचं पथ्य

सासरी मी अजून फार बोलत नाही. डोंबिवलीचं भरलेलं घर, सगळ्यांचेच आवाज मोठे! माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून किस्से साठलेत. ठाण्याच्या नौपाड्यात प्राण्यांच्या दवाखान्यात मी काम करते. डॉक्टर तपासतात आणि पथ्यपाणी समजावायला मी. पेशंट सगळं ऐकतात हो. त्यांच्या माणसांचंच काय ते बोला!

*

एका आजोबांचा लॅब्रेडॉर, नुसता ढोल!

"खायला काय देता?"

"विशेष काही नाही. सकाळी जरा चहा-बिस्किट."

"चहा एकदम बंद!"

पुढच्या वेळी कुत्रा छान उतरलेला. आजोबाही.

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मीही चहा सोडला. ही गेल्यापासून आम्ही दोघंच घ्यायचो ना. त्याला समोर बसवून एकटा कसा पिऊ?"

*

आमच्याकडे पेशंटला मालकाचं आडनाव लागतं. माझ्याच वयाची एक मुलगी लग्नानंतर मांजर घेऊन आली. "मिनीचं आडनाव बदला हं. तीपण सासरी आलीये!" अख्खा दवाखाना हसला.

दिवाळीनंतर परत आली. मिनीची बास्केट काउंटरवर ठेवली.

"जुनंच आडनाव लावा."

"मिनीचं?"

"दोघींचं."

*

लशीच्या आठवणीचे मेसेज कॉम्प्युटरवरून आपोआप जातात. एकदा असाच एक मेसेज वारलेल्या कुत्रीच्या घरी गेला. मी घाबरत फोन केला. "सॉरी काका, आता चेरीचं नाव काढून टाकते."

"अगं, राहू दे," काका म्हणाले. "घरात कोणी तिचं नावच घेत नाही. तुम्ही तरी घेता."

*

आणि कळव्याच्या मावशी. त्यांचा कुत्रा शेरू म्हातारा, किडन्या थकलेल्या. मीठ बंद, मासे बंद. मावशींनी पथ्य असं पाळलं की घरात सुकट भाजणंच थांबवलं. "वास आला का रडतंय माजं पोर!" दर वेळी एकच प्रश्न: "मॅडम, पथ्य कदी सुटंल?"

त्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टर मला आत हळूच म्हणाले, "त्यांना सांग, आता त्याला आवडेल ते द्या."

दवाखान्यात या वाक्याचा एकच अर्थ असतो.

मी बाहेर येऊन सांगितलं.

मावशींचे डोळे मोठे झाले. "सगलं?"

"सगळं."

"बोंबील बी?"

"बोंबीलपण. पण मावशी..."

मावशी थांबल्याच नाहीत. चपला अडकवून रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा. त्यांचे मिस्टर शेरूला मांडीवर घेऊन तसेच बसलेले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"फार नाहीत, काका."

त्यांनी मान हलवली. शेरूच्या कानामागे खाजवत राहिले.

तेवढ्यात मावशी आल्या. हातात पेढ्यांचा बॉक्स! "माज्या शेरूचं पथ्य सुटलं!" करत बाकावरच्या एकेकाला पेढा. पोपटवाल्याला दिला, मांजरवालीला दिला, आतल्या डॉक्टरांसाठी दोन बाजूला काढले. मग माझ्यासमोर बॉक्स धरून उभ्या राहिल्या.

माझा हात काही पुढे होईना. मी काकांकडे बघितलं.

काकांनी बॉक्समधला एक पेढा उचलला, मोडला, अर्धा शेरूच्या तोंडापुढे धरला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

"घ्या ना मॅडम," ते म्हणाले. "ती थांबलीय."