पाय आपटणारा वर्ग

आमच्या शाळेत इंग्रजीचा तास सुरू झाला की कौलांवरची धूळ थेट माझ्या टेबलावर पडते. मी मुख्याध्यापक, पुसतो आणि गप्प बसतो. झरी जामणीच्या आडरानातल्या या शाळेत ममता राठोड कंत्राटावर इंग्रजी शिकवते. बंजारा तांड्यात वाढलेली, होळीला लेंगी गात फेरात नाचलेली बाई. तेच नाचणं तिने वर्गात आणलं.

शब्दाचे जितके तुकडे, तितक्या टाळ्या. जोर असेल तिथे पाय. 'हार्ड-वर्किंग' म्हणजे हार्ड, वर्, किंग. तीन टाळ्या आणि 'वर्'ला पाय. सुरुवातीला पोरं पहिल्याच टाळीला पाय आपटायची, कारण त्यांच्या तांड्याच्या लेंगीत पाय आधी पडतो. "घाई कायले करता रे? पाय धरून ठेवा!" ती ओरडायची. पाय धरायला शिकवण्यातच महिना गेला.

परवा तपासणीला साहेब आले. ममताची पुढची नेमणूक त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होती. ते दारातूनच गरजले, "शाळा आहे की होळीचं मैदान? टाळ्या बंद. शब्द वहीत लिहा, जोर कुठे ते खुणेने दाखवा."

पोरांनी मुकाट्याने लिहिलं आणि जोराच्या खुणा भलतीकडेच केल्या. साहेब गालात हसले. ते हसू काही पहिल्या बाकावरच्या पुष्पाला सोसलं नाही. ती उठली, "काइंड-हार्टेड!" म्हणाली आणि टाळ्या सुरू केल्या. मागोमाग सगळा वर्ग उठला. 'हार्'वर वीस पाय एकदम पडले, अगदी बरोबर.

माझ्या टेबलाशी येऊन साहेबांनी ममतासमोरच रागाने शेराबुकात शेरा लिहिला: 'वर्गात शिस्त नाही. हा प्रकार बंद करण्याची शिक्षिकेने लेखी हमी दिल्यासच पुढील नेमणूक.'

तीस वर्षांत मी कुठल्याच साहेबाला 'नाही' म्हटलेलं नाही. मी हळूच म्हणालो, "ममताबाई, लिहून टाका. मग दार लावून शिकवा."

"दार काहून लावू, सर? चोरी करून राह्यली का मी?"

तिने शेऱ्याखाली लिहिलं, 'पाय आपटणार.' खाली पूर्ण नाव, ममता लखीराम राठोड.

साहेबांनी शेराबुक माझ्याकडे सरकवलं. "मुख्याध्यापक, हिला समजवा."

मला आधी तिचाच राग आला. घरी बसावं लागलं तर काय करेल ही? मग स्वतःची लाज वाटली, फार वाटली. मी तिच्या नावाखाली सही केली आणि शाळेचा शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरची धूळ उडाली.