नाडी अठ्ठ्याहत्तर

वाघबारशीच्या सकाळी जव्हारवर धुकं असं बसलं होतं, की ओटीवरून मला माझं कुंपण दिसत नव्हतं. शेजारच्या सोमीबाईच्या कोंबड्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. नऊ वाजून गेले तरी उन्हाचा पत्ता नाही. मी शाल पांघरून बसलो होतो, दोन्ही हात शालीच्या आत. समोर ठाण्याहून आलेली माझी लेक रेखा, हातात फोन, आणि कुंपणापाशी तिने भाड्याने आणलेली गाडी.

ती का आली ते सांगतो, पण थोडं मागे जावं लागेल. घड्याळांच्या किश्श्यांचं असंच आहे, एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याची शेपटी धरून येतो. शाळेत मी गेलो नाही. पस्तीस वर्षं सरकारी ऑफिसात शिपाई होतो, फायलींवरची नावं बघत अक्षरं लागली तेवढीच. किस्से गोळा करायला मी कधी गेलो नाही. ते रिकाम्या कपांसारखे टेबलांवर पडलेले असायचे, मी फक्त उचलून आणायचो.

तर झालं असं. श्रावणात मोखाड्याच्या बाजारात मला चक्कर आली. उपाशी पोटी उभा होतो, दुसरं काही नाही. लोकांनी तोंडावर पाणी मारलं, मी उठलो, मिरच्या घेतल्या आणि घरी आलो. पण मिरच्यांच्या आधी बातमी ठाण्याला पोचली. रेखाची आई गेल्यापासून मी एकटा, त्यामुळे तिने लगेच निकाल दिला. दसऱ्याच्या आत माझ्या मनगटावर स्मार्टवॉच पाहिजे. नाडी, पावलं, झोप, सगळं तिला तिकडे फोनवर दिसलं पाहिजे. नाहीतर दिवाळीला येऊन मला कायमची घेऊन जाणार.

तिचं घर सातव्या मजल्यावर आहे. मी एकदा आठ दिवस राहिलोय. खिडकीतून खाली पाहिलं की लोकांच्या गाड्यांची टपं दिसतात. लेक चांगली आहे, जावई त्याहून चांगला. पण मला जायचं नव्हतं.

म्हणून कुठलं घड्याळ घ्यावं ते विचारायला मी चहाच्या टपरीवर गेलो. आमची बैठक तिथेच असते.

*

पहिले भेटले भाऊसाहेब. ते आमच्या ऑफिसातले क्लार्क, दाखल्यांच्या टेबलावरचे. त्यांचं घड्याळ महागातलं, साडूने दुबईहून आणलेलं. ते दर तासाला थरथरतं आणि उठून चाला म्हणतं.

वीस वर्षांत भाऊसाहेबांना खुर्चीवरून कोणी उठवू शकलं नव्हतं. साहेबाला जमलं नाही, रांगेला जमलं नाही. या घड्याळाला जमलं. ते थरथरलं की भाऊसाहेब अर्धी सही सोडून उठायचे, टपरीपर्यंत जायचे, एक कटिंग घ्यायचे आणि परत यायचे. हार्टसाठी चांगलं असतं म्हणायचे.

एकदा जामसरकडचा एक बाप्या पहाटेपासून चालत दाखल्यासाठी आला. त्याचा नंबर लागला आणि घड्याळ थरथरलं. भाऊसाहेब गेले. परत आले तोवर जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर पुन्हा त्याचा नंबर आला, त्याने कागद पुढे केला, आणि पुन्हा थरथरलं.

बाप्या माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "मामा, हे घड्याळ मला बघून वाजतं का?"

*

भाऊसाहेब मला म्हणाले, घ्यायचं तर हेच घ्या. मी म्हटलं, हे मी घालून पाहिलंय. ते जरा दुसरीकडे बघायला लागले.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ऑफिसात स्पर्धा लागली होती, पंधरा दिवस, रोज दहा हजार पावलं. भाऊसाहेबांची बाराशे व्हायची, तीही सगळी टपरीची. तिसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलं. "मामा, तुम्ही फिरतच असता. जरा हेही फिरवून आणा."

मी फिरवून आणलं. रेकॉर्ड रूम, पोस्ट, बँक, साहेबांचं घर, चहा, पुन्हा रेकॉर्ड रूम. रोज सोळा हजार. भाऊसाहेब पहिले आले. शाल मिळाली, नारळ मिळाला. भाषणात म्हणाले, माणसाकडे इच्छाशक्ती पाहिजे, मी तर लिफ्टला कधी हात लावला नाही, जिनाच चढलो.

आमचं ऑफिस बैठं आहे.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? घड्याळात त्यांच्या हृदयाचं वय बत्तीस दिसायला लागलं. म्हणून त्यांनी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली. महिनाभरात चार दिवस सलाईनवर. मी शहाळं घेऊन भेटायला गेलो, तर झोपल्या झोपल्या माझ्याकडे निरखून बघत राहिले.

"मामा, तुम्ही बरे आहात ना? घड्याळात तर सगळं ठीक होतं."

*

गुरुजी मोखाड्याचे. मास्तरकीतून निवृत्त झालेले, गप्पांसाठी जीपने जव्हारला येतात. त्यांच्या हातात साधा पट्टा आहे, नुसती पावलं मोजणारा. पूर्वी ते ड्रायव्हरशेजारची सीट धरून ठेवायचे, कोणी बसलं तर नियम सांगायचे. एक दिवस बघतो तर मागे, कोंबड्यांच्या टोपलीशेजारी गुडघे दुमडून बसलेले.

मी विचारलं, काय झालं? गुरुजींनी हात पुढे केला. मोखाडा ते जव्हार, बसून, तीन हजार आठशे पावलं. पुढच्या सीटवर सतराशेच पडतात, म्हणाले. मागे धक्के चांगले बसतात. पट्ट्याला तीच पावलं वाटतात.

सहा महिने गुरुजी असेच चालले. मग अर्ध्या वाटेवरचे खड्डे बुजवले. सगळी जीप खूश. गुरुजी त्या दिवशी टपरीवर आले ते हिरमुसून. चहासुद्धा बिनसाखरेचा मागितला.

"निम्मा व्यायाम बुडवला यांनी," म्हणाले.

*

मग मी म्हटलं, शहरातल्या माणसाला विचारावं. शिरपामाळावर सुट्टीला पाहुणे येतात. मी आणि सोमीबाई तिकडून येत होतो, तिच्या डोक्यावर लाकडांची मोळी. बघतो तर एक गृहस्थ आपल्या गाडीभोवती गोल गोल फिरतोय. बायकामुलं वर जाऊन दरी बघून परत आली, हा गाडीभोवतीच. हातात घड्याळ चकाकत होतं.

मी विचारलं, काही पडलंय का. तो थांबला नाही. "नाही काका, सहाशे बाकी आहेत." वर का जात नाही विचारलं, तर चढावर दम लागतो आणि पल्सचा आकडा खराब होतो म्हणाला.

सोमीबाई मोळी सावरत त्याच्या चार फेऱ्या संपेपर्यंत उभी राहिली. मग मला म्हणाली, "दादा, याला गाडीचा नवस कोणी सांगितला?"

*

नवरात्रात शेवटी मी बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेलो. सोमीबाई काकड्या विकायला आली होती, राहिलेल्या दोन पिशवीत घेऊन तीही दुकानात शिरली. शेठने चार घड्याळं मांडली. एक पाण्यात चालतं, एक फोन घेतं, एक झोप मोजतं. सगळ्यात स्वस्तातलं त्याने माझ्या हाताला लावलं. नाडी अठ्ठ्याहत्तर. शेठ म्हणाला, बघा, एकदम तंदुरुस्त.

सोमीबाईने ते माझ्या हातावरून काढलं आणि पिशवीतल्या काकडीला बांधलं. सगळे वाट बघत राहिलो. जरा वेळाने आकडा आला. अठ्ठ्याहत्तर.

शेठ डगमगला नाही. "मावशी, काकडी ताजी आहे ना, म्हणून."

"परवाची हाय," सोमीबाई म्हणाली.

मी तेच घड्याळ घेतलं. भाऊसाहेब आणि गुरुजी अजून हसतात. पण माझा विचार सरळ होता. जे घड्याळ शिळ्या काकडीला तंदुरुस्त म्हणतं, ते मला आजारी म्हणून ठाण्याला पाठवणार नाही.

*

नाडीचं काम चोख झालं. अडलं पावलांवर. माझा गुडघा दुखतो, दिवसाला हजार पावलं झाली तर खूप. रोज संध्याकाळी रेखाचा फोन. बाबा, आज नऊशेच? बाबा, आज सातशे? आमच्या सोसायटीत चालायला छान ट्रॅक आहे हो. त्या ट्रॅकचं नाव निघालं की मला सातव्या मजल्याची खिडकी दिसायची. वर पट्ट्याने मनगटाला खाज.

तेव्हा मला भाऊसाहेब आठवले. त्यांनी मला बांधलं होतं. मी कोणाला बांधू? माझ्या हाताखाली कधीच कोणी नव्हतं.

सोमीबाईचा बोकड कुंपणापाशी उभा राहून माझा वेल खात होता.

तिला विचारूनच बांधलं. ती पोट धरून हसली आणि तिनेच बोकडाच्या गळ्यातल्या घंटीच्या दोरीत घड्याळ घट्ट ओवून दिलं. दिवसभर तो माळावर चरायचा. संध्याकाळी माझ्या भिंतीलगत बांधला की खिडकीतल्या माझ्या फोनला हिशेब पोचायचा, तिथून ठाण्याला. पहिल्याच दिवशी अकरा हजार! रेखाने आनंदाने जावयाला उठवून दाखवलं. ट्रॅकचं नाव बंद झालं. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना ती माझे आकडे वाचून दाखवायची.

एक दिवस एकोणीस हजार लागले. त्या दिवशी माळावर दुसऱ्या पाड्याच्या शेळ्या आल्या होत्या. रेखा म्हणाली, "बाबा, या वयात एवढं धावू नका." मी म्हटलं, बरं.

झोपेचं मात्र जमेना. रात्रभर बोकडाचा जबडा हलतो हे घड्याळाला कळत होतं की काय, देव जाणे. रेखाने शांत झोपेसाठी चूर्ण पाठवलं. मी ते सोमीबाईला दिलं, पण बोकडाने काही ते खाल्लं नाही.

*

आता त्या धुक्याच्या सकाळी येतो.

परवा सोमीबाईचा मुलगा वसईहून सुट्टीला आला. दुपारी तिने माझ्याकडे वाटीभर रस्सा पाठवला. मी चवीने खाल्ला आणि भांडं घासून परत दिलं. विचारलं काही नाही.

आणि आज रेखा दारात. दोन दिवस पावलं शून्य, म्हणाली. एक पाऊलसुद्धा नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि मला सांगत नाही. कपडे भरा.

मी म्हटलं, सण आहे, जरा आराम करतोय. तिने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं, आणि तिचा आवाज थोडा खाली आला. नाडी तरी व्यवस्थित आहे, म्हणाली. आत्ता, या मिनिटाला बघते आहे, अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी पण सांगितलं, इतकी एकसारखी नाडी या वयात बघायला मिळत नाही. नाडी अशीच राहणार असेल, तर तुम्ही इथे राहा, मी मन घट्ट करते. फक्त एकदा घड्याळ दाखवा, पट्टा सैल झाला असेल, म्हणून पावलं लागत नसतील.

मी शालीतला हात शालीतच ठेवला.

तेवढ्यात धुक्यातून सोमीबाई आली. पदराला हात पुसत ओटीपाशी थांबली. तिने रेखाला हसून बघितलं, कधी आलीस विचारलं. मग मुठीतलं धुऊन पुसलेलं घड्याळ माझ्यापुढे धरलं.

"दादा, हे घ्या. बोकड परवाच कापला, पण ह्याच्यात त्याची नाडी अजून अठ्ठ्याहत्तर हाय."